छेदस्थानी माणूस

(विलासराव साळुंखे यांच्या स्मरणार्थ पवई येथे, निवृत्त अभियंते आणि वस्त्यांमधील कार्यकर्ते यांच्या संयुक्त सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)

पवईत येऊन अभियंत्याविषयी बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. १९५८ साली येथे तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. त्याआधीपासून शेजारी मोठे कारखाने उभे राहू लागले होते. या परिसरातून गेल्या सहा-सात दशकांत किती अभियंते घडले आणि किती निवृत्त झाले, याची मोजदाद कोणी केलेली नसेल. आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे श्रोते त्यांपैकीच आहेत. उरलेले निम्मे टेकडीवरच्या वस्त्यांमधून आले आहेत. एरवी या दोन निम्म्यांची गाठ रस्त्यावर पडते, सभेत पडत नाही. आज ती सभेत पडली आहे, आणि निमित्त आहे एका अभियंत्याच्या स्मरणाचे.

विलासराव साळुंखे यांना जाऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. २००२ साली ते गेले. तरुण कार्यकर्त्यांनी त्यांचे नाव बहुधा ऐकलेले नसेल, म्हणून थोडा परिचय करून देतो. विलासराव पुण्यातले अभियंता आणि कारखानदार. अचूक मापनाची साधने बनविणारा ‘अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग’ हा त्यांचा कारखाना. रूढ अर्थाने ते निवृत्त अभियंता नव्हते. कोणाही मालकाने त्यांना साठाव्या वर्षी हार घालून निरोप दिला नाही. ऐन उमेदीच्या वयात, धंदा चालू असताना, त्यांनी आपले लक्ष कारखान्यातून काढून एका दुष्काळी तालुक्यात घातले आणि उरलेले आयुष्य तेथे वेचले. नोकरीतून निवृत्त होणे सोपे असते, कारण ते पंचांगावर अवलंबून असते. स्वतःच्या वाढत्या धंद्यातून मन निवृत्त करणे अवघड असते. विलासरावांनी ते केले, म्हणून निवृत्तांच्या सभेत त्यांचे स्मरण करणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वयस्कांना आठवत असेल. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो, पण अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि त्याच्या न गिळवणाऱ्या भाकरी माझ्याही आठवणीत आहेत. महाराष्ट्र सरकारने त्या काळात दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि पुढे १९७७ च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झालेली रोजगार हमी योजना या अनुभवातून बळकट झाली. जगात त्या काळी असा कायदा दुसरीकडे क्वचितच असेल, आणि त्यामागे डाव्या व समाजवादी चळवळीचा रेटा होता, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे.

पुण्याहून दिवे घाट चढून गेले की पुरंदर तालुका लागतो. घाटाखाली पुण्याचे कालवे वाहतात. घाटावर पाऊस इतका तुटपुंजा की कित्येक वर्षी तो पाचशे मिलिमीटरचा आकडाही गाठत नाही. दुष्काळात विलासराव या तालुक्यात गेले तेव्हा हजारो शेतकरी रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसले होते. तुमच्या-माझ्यासारख्याला ते दृश्य पाहून दया आली असती. अभियंत्याला त्यात एक हिशेबाची चूक दिसली. पाण्याअभावी ज्यांची शेती बुडाली त्यांच्या श्रमातून रस्त्याची खडी तयार होत होती. ती खडी पसरली जाणार, रस्ता होणार, आणि पुढच्या दुष्काळात त्याच रस्त्याने हीच माणसे पुन्हा खडी फोडायला येणार. तेच श्रम बांध घालण्यात, पाणी अडविण्यात आणि मुरविण्यात लावले, तर पुढच्या दुष्काळाची धार बोथट होईल, हा विचार त्यांच्या पुढील कामाचा पाया ठरला.

हा विचार पुरंदरला अगदीच परका नव्हता. या तालुक्यातील खानवडी हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे गाव. जोतीराव स्वतः सरकारी बांधकामांचे ठेकेदार होते, आणि १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात जिरविण्याचा उपाय मांडला होता. नव्वद वर्षे तो कागदावर राहिला.

नायगाव या गावी विलासरावांनी देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळरान जमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. १९७४ मध्ये पत्नी कल्पनाताई साळुंखे यांच्यासह त्यांनी ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ स्थापन करून काम सुरू केले. समतल बांध घातले, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर घेतली, आणि विहिरीचे पाणी उपसून चढावर नेले. वरून वाहून जाणारे पाणी अडवायचे, मुरवायचे, खाली विहिरीत पकडायचे आणि पुन्हा वर चढवायचे, इतके साधे हे तंत्र. काही वर्षांत त्या माळावर पिके आणि झाडे उभी राहिली. येथपर्यंतची कथा कोणाही कर्तबगार अभियंत्याची आहे, आणि विलासराव येथे थांबले असते तर शासनाने त्यांना एखादे मानपत्र देऊन मोकळे केले असते.

परंतु शेजारच्या गावांनी ‘आमच्याकडेही असे करा’ म्हणून मागणी केली, तेव्हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. अडविलेले पाणी कोणाचे? विहीर ज्याच्या शेतात त्याचे, की ज्याची जमीन जास्त त्याचे? त्या प्रश्नाला विलासरावांनी आणि त्या गावांतील शेतकऱ्यांनी जे उत्तर दिले त्याला ‘पाणी पंचायत’ म्हणतात. तिचे नियम थोडक्यात सांगतो. योजना एकट्यासाठी होणार नाही, गटासाठीच होईल. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल, जमीन विकली तरी पाणी विकले जाणार नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा असेल. ऊस किंवा तसे बारमाही तहानलेले पीक घ्यायचे नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा. एकूण खर्चाचा निम्मा भाग सरकारी अनुदानातून आणि बाकीचा बिनव्याजी कर्जातून, अशी ती मांडणी होती.

हे सहा नियम ऐकायला सौम्य वाटतात. त्यांचे खरे रूप पाहण्यासाठी पाटीवरचे एक गणित करू. समजा, एका गावात साठ कुटुंबे आणि तीनशे माणसे आहेत. अडविलेल्या पाण्यावर दीडशे एकर भिजू शकतात. गावातील दहा घरांकडे प्रत्येकी वीस एकर, म्हणजे दोनशे एकर जमीन आहे. बाकीची पन्नास घरे अल्पभूधारक वा भूमिहीन आहेत. पाणी जमिनीमागे वाटले तर त्या दहा घरांची तहान भागण्याआधीच ते संपेल. पाणी माणसामागे वाटले तर तीनशे माणसांना प्रत्येकी अर्धा एकर, म्हणजे बरोबर दीडशे एकर. तलाव, विहीर आणि यंत्र तेच, पाऊसही तोच. बदलला तो केवळ भागाकाराचा छेद. एका मांडणीत छेदस्थानी एकर आहे, दुसरीत माणूस आहे.

मित्रहो, मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. विलासराव साळुंखे यांनी कोणतेही नवे यंत्र शोधले नाही. त्यांनी छेद बदलला. आणि माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रातील अभियांत्रिकीची ती एक फार मोठी कामगिरी आहे.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी मी अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो. आमचा एक गट नायगाव परिसरात जाऊन आला, आणि मी त्यावर एक लघुप्रबंध लिहिला. त्यात मी दर एकरी उत्पन्न काढले, त्याची तुलना घाटाखालच्या बागायती उसाच्या दर एकरी उत्पन्नाशी केली, आणि ही योजना ‘भावनिकदृष्ट्या स्तुत्य, परंतु आर्थिकदृष्ट्या अकार्यक्षम’ आहे असा निष्कर्ष काढला. प्रबंधाला उत्तम गुण मिळाले. कोणीही विचारले नाही की दुष्काळी तालुक्यात दुर्मीळ वस्तू कोणती, जमीन की पाणी? दुर्मीळ जर पाणी असेल तर उत्पन्न दर घनमीटर पाण्यामागे मोजायला हवे होते, आणि त्या पाण्यावर किती घरे तगली हे मोजायला हवे होते. जे मुबलक होते ते मी छेदस्थानी धरले आणि जे दुर्मीळ होते ते विसरलो. ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचीही म्हणता येणार नाही. ती त्याच्या वर्गाची होती. माझ्या घरी कालव्याचे पाणी होते.

ही चूक माझ्या एकट्याची असती तर तुमचा वेळ घेतला नसता. राज्याच्या धोरणात ती खोल मुरलेली आहे. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेत होते तेव्हा, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली. तिच्या मुळाशी, उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून कालव्याचा लाभ अधिक गावांना पोहोचवावा, हा विचार होता. म्हणजे पाणी पसरवून वाटावे हे एका थोर अभियंत्याला तेव्हाही कळत होते. पुढे साखर कारखाने आले, त्यांच्यामागे राजकीय सत्ता आली, आणि पाणी पसरण्याऐवजी साचू लागले. १९७९ साली दांडेकर, देऊसकर आणि दत्ता देशमुख यांच्या समितीने बारमाहीऐवजी आठमाही सिंचनाचा आग्रह धरला. धोरण म्हणून ते पुढे स्वीकारले गेले, व्यवहारात उसाने त्याला जुमानले नाही. आजही लागवडीच्या अल्प क्षेत्रावर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा हिस्सा पितो. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकृत स्थान मिळाले, हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु संस्थेचे सभासदत्व जमीनधारकाला आणि पाणी क्षेत्राच्या हिशेबाने, हा जुना छेद तसाच राहिला. भूमिहीन माणूस पाण्याच्या कायद्यात अजून आलेला नाही.

विलासराव एकटेही नव्हते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या पाठबळाने ‘बळीराजा’ धरण बांधले. नदीची वाळू ठेकेदारांच्या घशात जाण्याऐवजी ती विकून गावाने धरणासाठी पैसा उभा केला, आणि पाणी घरटी समान वाटण्याचे ठरविले. तेथेही तांत्रिक बळ देणारा एक ज्येष्ठ अभियंता होता, के. आर. दाते. साळुंखे आणि दाते या दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. एकाची वाट विधायक संस्थेची, दुसऱ्याची संघर्ष करणाऱ्या चळवळीच्या साथीची. दोघे पोहोचले मात्र एकाच जागी.

आता उणे बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे स्मरण न राहता स्तोत्र होईल. पाणी पंचायतीच्या अनेक योजना पुढे बंद पडल्या. उपसा योजना विजेवर चालते, आणि विजेचे बिल माणशी समतेचा विचार करत नाही. पंचायतीबाहेरच्या शेतकऱ्याने शेजारी खोल विहीर घेतली तर त्याला अडविणारा कायदा गटाच्या हाती नव्हता. उसाचा मोह नियमाने थोपविता आला तरी बाजाराने पुन्हा दाराशी आणला. सरकारने या प्रयोगाचे कौतुक केले, पण त्याचा छेद आपल्या कायद्यात घेतला नाही. याचा बोध विलासरावांचे चुकले असा नव्हे. एका तालुक्यातील माणसे स्वेच्छेने जो नियम पाळतात त्याच्या पाठीशी राज्याचा कायदा उभा राहिला नाही, तर तो नियम त्या माणसांच्या चांगुलपणावरच जगतो, आणि चांगुलपणाला दर महिन्याला बिल येत राहते. येथे विधायक कार्य संपते आणि राजकारण सुरू होते. विलासरावांनी राजकीय पक्षाची वाट धरली नाही. ती उणीव त्यांची नव्हे, आपली आहे. त्यांनी सिद्ध करून दाखविलेला नियम हाती घेऊन विधिमंडळात भांडणे हे पक्षांचे काम होते.

पुरंदरकडे आज पाहिले तर हा प्रश्न नव्या वेषात उभा आहे. खानवडीसह सात गावांच्या जमिनी विमानतळासाठी घेण्याचा बेत आखला गेला आणि २०२५ मध्ये त्या गावांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. ज्या तालुक्याने ‘जमीन विकली तरी पाणी विकले जाणार नाही’ असा नियम करून पाहिला, त्याच तालुक्यात जमिनीच्या भावापुढे बाकी सारे हिशेब फिके पडत आहेत.

तुम्ही म्हणाल, हे सारे पुरंदरचे झाले. पवईचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो पाण्याचाच आहे.

आपल्या समोरचा हा तलाव १८९०-९१ च्या सुमारास मुंबईची तहान भागविण्यासाठी बांधला गेला. विहार आणि तुळशी त्याआधीचे. पवईचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही, म्हणून ते पिण्याखेरीज इतर कामांसाठी, कारखान्यांकडे आणि आरे वसाहतीकडे जाऊ लागले. येथून जवळच भांडुपचे जलशुद्धीकरण संकुल आहे. तेथे तानसा, वैतरणा या जलाशयांचे पाणी येते. ते जलाशय ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत तेथील कित्येक पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. धरणाच्या कुशीतला पाडा कोरडा, आणि धरणापासून शंभर किलोमीटरवरच्या मनोऱ्यात पोहण्याचा तलाव. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून, अशी म्हण आहे. येथे आडात भरपूर आहे, पोहराच निवडक हातांत आहे.

आणि या शहराच्या आतही छेदाचाच प्रश्न आहे. मुंबई महानगरपालिकेने वर्षानुवर्षे वापरलेला निकष असा की इमारतीत राहणाऱ्या माणसाला दररोज १३५ लिटर पाणी आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर. अभियंत्यांनो, हा भागाकार तुम्हीच करा. ४५ ला १३५ ने भागले की उत्तर येते एक तृतीयांश. टेकडीवरच्या माणसाची तहान इमारतीतल्या माणसाच्या एक तृतीयांश असते असे कोणत्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले नाही. उलट, बांधकामावर दिवसभर उन्हात राबणाऱ्याला पाणी जास्त लागते. पण आपल्या हिशेबात तो एक तृतीयांश माणूस आहे. आणि हे झाले कागदावरचे. टेकडीच्या माथ्यावर, दाब नसलेल्या नळातून, प्रत्यक्षात किती येते, ते समोर बसलेल्या बहिणी मला सांगू शकतील.

या लढ्याचा इतिहास मोठा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सार्वजनिक पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावला. १९७०च्या दशकात बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव नेली. याच उपनगरात मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या वस्त्यांसाठी पाण्याचा लढा दिला, आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. कोणत्याही सरकारी पदवीपेक्षा ते मोठे होते. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातील माणसाचा पाण्याचा हक्क त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि पालिकेने त्यासाठी धोरण करावे. मात्र कायदेशीर रहिवाशाइतकेच पाणी मागण्याचा हक्क न्यायालयाने त्याला दिला नाही.

या सगळ्या पायऱ्या एका ओळीत मांडून पाहा. महाडने पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क दिला. पाणवठ्याच्या मोहिमेने एकत्र पाणी भरण्याचा हक्क मागितला. मृणालताईंनी नळ वस्तीपर्यंत आणला. न्यायालयाने त्या नळाला घटनेचा आधार दिला. पुढची पायरी राहिली आहे ती वाट्याची : किती पाणी आणि कोणाच्या तुलनेत किती? या पायरीवर आपल्याला वाट दाखवणारा नियम पुरंदरच्या माळावर तयार होऊन पडला आहे. पाणी माणशी मोजा. जमीन, सदनिकेचे क्षेत्रफळ, झोपडीच्या दाखल्याची तारीख, यांपैकी काहीही छेदस्थानी धरू नका.

या कामात निवृत्त अभियंत्याचे स्थान कोणते? माझ्या पिढीतील कित्येक अभियंता मित्र निवृत्तीनंतर मला भेटतात आणि म्हणतात, ‘आता समाजासाठी काहीतरी करायचे आहे.’ मग कोणी वह्या वाटतो, कोणी वृक्षारोपणाला जातो. हे सारे चांगलेच आहे. पण ज्याने चाळीस वर्षे दाब, प्रवाह आणि गळती मोजली, त्याने वह्याच का वाटाव्यात? विलासरावांनी पुरंदरला दान नेले नाही. आपली विद्या नेली. आणि तिचा उपयोग कोणी करायचा हे ठरविण्याचा अधिकार गटाच्या सभेला दिला. दान देणारा वरच राहतो. विद्या घेऊन सभेत बसणाऱ्याला इतरांच्या रांगेत बसावे लागते. कोणाला किती पाणी, याचा निर्णय पाटकरी, शेतकरी, भूमिहीन मजूर यांच्यासमोर होतो आणि तेथे अभियंत्याचे मत एकच असते.

येथील तंत्रविज्ञान संस्थेचे किंवा कारखान्यांचे जे शिक्षण आणि जी उमेदवारी तुम्हाला मिळाली, तिचा खर्च या देशाच्या करदात्यांनी आणि कामगारांनी उचलला होता. काडेपेटीवर कर भरणारी बाईही त्या करदात्यांत आहे. या कर्जाची मुदत निवृत्तीच्या दिवशी संपत नाही.

म्हणून मी आज एक छोटा प्रस्ताव ठेवतो. दर रविवारी दोन तास. एक निवृत्त अभियंता आणि वस्तीतील एक कार्यकर्ता, अशा जोड्या करा. प्रत्येक जोडीने एक गल्ली घ्यावी. नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, वीस लिटरचा हंडा भरायला किती सेकंद लागतात, त्या नळावर किती घरे आणि किती माणसे आहेत, हे वहीत लिहावे. गुणाकार-भागाकार करून माणशी लिटर काढावेत. शेजारच्या इमारतीच्या मीटरचे आकडे, तेथील रहिवाशांच्या संमतीने, त्याच वहीत समोरच्या पानावर लिहावेत. पालिकेकडे असलेले आकडे माहितीच्या अधिकाराखाली मागावेत. तीन महिन्यांनी दोन्ही पाने घेऊन आपण विभाग कार्यालयात जाऊ. मोर्चा तेव्हाही काढावा लागेलच, त्यापासून सुटका नाही. पण त्या मोर्चाच्या हातात घोषणाफलकाबरोबर एक हिशेबवहीही असेल, आणि त्या वहीवर एका अभियंत्याची आणि एका घरकाम करणाऱ्या बाईची, अशा दोघांच्या सह्या असतील.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनाही एक शब्द सांगतो, आणि तो आपल्यातला म्हणून सांगतो. आपण समतेवर पुष्कळ भाषणे केली, माझीही त्यात भर आहे. परंतु समता अखेर कशात मोजायची हे ठरविण्याचे कष्ट आपण फार थोडे घेतले. लिटर, एकर, तास आणि रुपये या भाषेत उतरली नाही तर समता ठरावाच्या कागदावरच राहते. पुरंदरच्या ज्या शेतकऱ्यांनी ‘माणशी अर्धा एकर’ हा आकडा मान्य केला, त्यांनी समाजवादावरचा एकही ग्रंथ वाचला नसेल. त्यांनी तो जगून पाहिला, आणि ज्यांच्याकडे जमीन जास्त होती अशांनीही काही काळ तो पाळला. माणूस न्यायासाठी आपला वाटा कमी करून घेतो, यावर माझा विश्वास उरलेला नव्हता. तो तेथील उदाहरणाने परत आला. माझ्या जुन्या प्रबंधाच्या निष्कर्षात ही गोष्ट नव्हती, कारण तिच्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

विलासराव साळुंखे यांच्यासाठी पवईत पुतळा उभारू नका, एखाद्या चौकालाही त्यांचे नाव देऊ नका. येत्या रविवारी सकाळी, नळ येण्याच्या वेळी, एक वही, एक घड्याळ आणि एक हंडा घेऊन टेकडी चढा. गुडघे दुखत असतील तर हळू चढा. मीही येणार आहे.